एअर प्युरिफायरची डीलरशिप घेताय? पहिली ऑर्डर देण्याआधी ओझोनचं विचारा



दिवाळी झाली, मुंबई-पुण्यात सकाळी धुरकट दिसायला लागलं, की दोन प्रश्न एकदमच येतात. ग्राहक विचारतो, "घरासाठी कुठला एअर प्युरिफायर घेऊ?" आणि तुमच्यातले काही जण विचारतात, "सर, याची डीलरशिप घेऊ का?" दुसऱ्या प्रश्नावर व्हिडिओत आपण मार्जिन, डिपॉझिट, सर्व्हिस हे सगळं बघितलं. ओझोनचा मुद्दा मात्र दीड मिनिटात बसणारा नाही, म्हणून तो इथे सविस्तर लिहितोय. चहा घ्या आणि सावकाश वाचा. तुमच्या पैशाचा प्रश्न आहे, आणि ग्राहकाच्या घरातल्या लहान मुलांच्या फुफ्फुसांचाही.

आधी एक दृश्य डोळ्यांसमोर आणा. प्रदर्शनातला स्टॉल. टेबलावर पारदर्शक पेटी, आत उदबत्तीचा किंवा सिगारेटचा धूर. विक्रेता आतल्या छोट्या मशीनचं बटण दाबतो आणि काही सेकंदांत पेटी स्वच्छ! लोक थक्क. सप्लायर तुम्हाला हाच डेमो दाखवतो आणि म्हणतो, "बघा, फिल्टर नाही, मेंटेनन्स नाही, आवाज नाही. ग्राहकाला एकदा विकलं की कटकट नाही."

डेमो खोटा नसतो, पण तो पेटीचा डेमो असतो. हे मशीन हवेतल्या कणांना विद्युतभार देतं. भार मिळालेला कण जवळच्या पृष्ठभागाला चिकटतो. पेटीच्या भिंती वीतभर अंतरावर आहेत, म्हणून धूर लगेच दिसेनासा होतो. तो बाहेर गेलेला नाही, काचेला चिकटलाय. दहा बाय बाराच्या खोलीत भिंती लांब असतात आणि हवा पेटीच्या हजारपट असते. तिथे तेच मशीन फारसं काही करत नाही. उलट काही मशीन हवेत एक नवी गोष्ट सोडतात. तो ओझोन.

"ओझोन तर चांगला असतो ना?"

हे वाक्य तुम्ही ग्राहकाकडून नक्की ऐकणार. शाळेत आपण ओझोनचा थर शिकलो, तो सूर्याची घातक किरणं अडवतो. बरोबर आहे, पण तो थर आपल्या डोक्यावर पंधरा-वीस किलोमीटरपासून पुढे आहे, तिथे कोणी श्वास घेत नाही. तोच वायू नाकातोंडात गेला की घसा खवखवतो, खोकला येतो, छातीत जडपणा वाटतो. ज्याला दमा आहे त्याचा दमा बळावतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना त्रास लवकर होतो. आता विचार करा, एअर प्युरिफायर घ्यायला सगळ्यात आधी कोण येतं? ज्याच्या घरात दम्याचा पेशंट आहे तोच.

साध्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनमध्ये तीन. हा तिसरा अणू उपरा असतो, तो सुटायला बघतो आणि जे समोर येईल त्याच्याशी भिडतो. जंतूंशी भिडला तर जंतू मरतात. पण तो जंतू आणि फुफ्फुस असा भेद करत नाही. रबराशी भिडला तर ताणलेल्या रबराला बारीक भेगा पडतात.

पाण्याच्या धंद्यातले लोक इथे हरकत घेतील. तुमच्या तालुक्यातल्या पॅकबंद पाण्याच्या प्लांटमध्येही ओझोनेटर असतो, आणि ते योग्यच आहे. तिथे ओझोन पाण्यात सोडतात, काम झालं की त्याचा पुन्हा ऑक्सिजन होतो, आणि त्या टाकीत बसून कोणी श्वास घेत नाही. तंत्र तेच असलं तरी जागा बदलली की धोका बदलतो.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, याबद्दल स्पष्ट लिहून ठेवलंय: ओझोन जर आरोग्याच्या मर्यादेत ठेवला तर तो घरातली हवा जवळपास स्वच्छ करतच नाही. स्वच्छ करण्याइतका सोडला तर माणसाला अपाय होतो. धूळ आणि परागकण तर तो काढतच नाही. वासाचं म्हणाल तर ओझोनचा स्वतःचा उग्र वास इतर वासांवर मात करतो, आणि नाक थोड्या वेळाने बधिर होतं. ग्राहकाला वाटतं, घर स्वच्छ झालं.

अजून एक गोष्ट सप्लायर कधीच सांगत नाही. आपल्याकडे फरशी लिंबाच्या वासाच्या लिक्विडने पुसतात. त्या वासातलं लिमोनीन हे रसायन ओझोनला भेटलं की त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. म्हणजे हवा शुद्ध करायला आणलेल्या मशीनने फिनेलच्या वासातून नवं प्रदूषण तयार केलं!

कुठल्या मशीनमध्ये ओझोन असतो

साधा पंखा आणि हेपा फिल्टर असेल तर ओझोनचा प्रश्नच येत नाही. हेपा म्हणजे बारीक तंतूंची दाट चटई, हवा त्यातून जाते आणि कण अडकतात. वासासाठी सोबत ॲक्टिव्हेटेड कार्बनचा थर. यात हवेशी वीज खेळत नाही, म्हणून ओझोन नाही.

जिथे हवेतच उच्च दाबाची वीज सोडली जाते, तिथे सावध व्हा. आयोनायझर, इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर, प्लाझ्मा ही सगळी त्याच घराण्यातली. यातली काही इतका कमी ओझोन सोडतात की चिंता नको, काही खूप सोडतात. नावावरून कळत नाही, टेस्ट रिपोर्टवरूनच कळतं. यूव्ही दिव्यांचंही तसंच. २५४ नॅनोमीटरचा प्रकाश जंतू मारतो आणि ओझोन करत नाही. १८५ नॅनोमीटरचा प्रकाश ओझोन तयार करतो. चांगल्या दिव्याची काच हा १८५ वाला प्रकाश बाहेर येऊ देत नाही. स्वस्त दिव्यात कुठली काच आहे, हे बाहेरून दिसत नाही.

आणि तिसरा प्रकार म्हणजे सरळ सरळ ओझोन जनरेटर. तो मात्र या नावाने फार क्वचित विकला जातो. "ॲक्टिव्ह ऑक्सिजन", "सुपर ऑक्सिजन", "ट्रायव्हॅलंट ऑक्सिजन", "डोंगरावरची ताजी हवा", "पावसानंतरची हवा" अशी गोंडस नावं असतात. ऑक्सिजनच्या मागे कुठलंही विशेषण दिसलं की कॅटलॉग मिटा आणि पुढचं विचारा.

आकडा समजून घ्या

घरातल्या उपकरणासाठी जो आकडा जगभर वापरला जातो तो आहे ०.०५ पीपीएम. म्हणजे हवेच्या एक कोटी भागांत ओझोनचा अर्धा भाग. अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांना हीच मर्यादा आहे. एअर क्लीनरच्या सुरक्षेचं जे आंतरराष्ट्रीय आयईसी मानक आहे, त्यातही हीच. आपल्या देशात २००९ साली बाहेरच्या हवेसाठी जी मानकं ठरली, त्यात ओझोनची आठ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. हिशेब केला तर ०.०५ पीपीएमच्या आसपासच येतो.

आता वही काढा. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट. झाले १,२०० घनफूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर. मर्यादा घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे पूर्ण खोलीत ३.४ मिलिग्रॅम ओझोन झाला की मर्यादा भरली.

समजा, तुम्हाला दाखवलेल्या मशीनच्या डब्यावर लिहिलंय, "ओझोन ४०० मिलिग्रॅम प्रति तास". मिनिटाला किती? साडेसहाच्या वर. म्हणजे बंद खोलीत मर्यादा अर्ध्या मिनिटात ओलांडली. ओझोन भिंतींवर, पडद्यांवर आपोआप विरतो हे खरं, पण इतक्या वेगाने नाही. आणि हा ४०० चा आकडा तो सप्लायर "पॉवरफुल आहे" म्हणून अभिमानाने दाखवत असतो!

उलट बाजूही बघा. छोटा आयोनायझर तासाला ३ मिलिग्रॅम सोडत असेल तर याच खोलीत तो बहुतेक मर्यादेच्या आत राहील. पण तोच गाडीत लावला तर? गाडीच्या आत साधारण ३ घनमीटर हवा. तिथे मर्यादा भरायला ०.३ मिलिग्रॅम पुरे, म्हणजे काचा बंद असतील तर सहा मिनिटांचं काम. म्हणून "आमचं मशीन सेफ आहे" एवढं पुरत नाही. किती मोठ्या जागेत सेफ आहे, हे विचारायचं. चार्जिंगच्या सॉकेटला लावायचे ते शंभर-दोनशे रुपयांचे गाडीतले आयोनायझर तर मी होलसेल यादीतून काढूनच टाकायला सांगतो.

अमेरिकेतले दोन धंदे

"कागद कोण मागतं सर?" असं म्हणणाऱ्यांसाठी दोन खरे किस्से.

अल्पाइन इंडस्ट्रीज नावाची कंपनी वितरकांच्या साखळीतून ओझोनची मशीन विकायची. घरोघरी डेमो, वितरकाखाली वितरक. आपल्याकडेही ही पद्धत ओळखीची आहे. मशीन अमुक आजारावर उपयोगी, अमुक प्रदूषण काढतं असे दावे चालायचे. १९९५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने आदेश काढला की पुराव्याशिवाय दावे करायचे नाहीत. दावे थांबले नाहीत. सरकार कोर्टात गेलं, १९९९ मध्ये टेनेसीतल्या ज्युरीने कंपनीविरुद्ध कौल दिला, आणि २००१ मध्ये सुमारे १४ लाख ९० हजार डॉलरचा दंड झाला. २००३ मध्ये अपिलातही तो टिकला. सगळी लढाई फिरली ती एकाच गोष्टीभोवती: विकताना तोंडाने आणि कागदावर काय सांगितलं.

दुसरी कंपनी शार्पर इमेज, तिचा "आयोनिक ब्रीझ" एकेकाळी प्रचंड खपत होता. कन्झ्युमर रिपोर्ट्स या मासिकाने चाचणी घेऊन सांगितलं की हे हवा साफ करण्यात फार कमी पडतं. कंपनीने २००३ मध्ये मासिकाच्या संस्थेवरच खटला भरला. २००४ मध्ये कोर्टाने तो फेटाळला आणि संस्थेचा वकिलीचा खर्चही कंपनीच्या माथी आला. २००५ मध्ये मासिकाने अशा मशीनच्या ओझोनबद्दल लिहिलं. विक्री घसरली, ग्राहकांचे दावे आले, आणि फेब्रुवारी २००८ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कारणं एकापेक्षा जास्त होती, पण पडलेली विक्री आणि या मशीनवरचे खटले त्यात होतेच. ज्या वस्तूवर घर चालत होतं, तीच गळ्यात आली.

याच काळात कॅलिफोर्नियाने नियम केला आणि २०१० पासून तो लागू झाला: घरगुती एअर क्लीनर ०.०५ पीपीएमच्या वर ओझोन सोडत असेल तर तो आमच्या राज्यात विकायचा नाही. तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाने, म्हणजे कार्बने, मान्यता दिलेल्या मॉडेलची यादी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली आहे. तुम्ही सांगलीत बसून ती फुकट बघू शकता.

आपल्याकडे जबाबदारी कोणाची

"मी नुसता विकतो, बनवत नाही" हे वाक्य ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नंतर तितकंसं चालत नाही. या कायद्यात सदोष वस्तूची जबाबदारी असा वेगळा भाग आहे. त्यातलं कलम ८६ विक्रेत्याबद्दल आहे आणि प्रत्येक डीलरने ते एकदा वाचावंच. त्यातले तीन मुद्दे आपल्या कामाचे.

उत्पादकाने न दिलेली हमी तुम्ही स्वतःहून दिली आणि वस्तू तशी निघाली नाही, तर जबाबदार तुम्ही. म्हणजे डब्यावर कुठेही नसताना तुम्ही व्हॉट्सॲपवर टाकलं, "झिरो ओझोन, दमा पेशंटसाठी बेस्ट", तर ती तुमची हमी झाली. स्क्रीनशॉट ग्राहकाकडे कायम राहतो.

उत्पादक कोण हेच माहीत नसेल, किंवा त्याला नोटीस बजावता येत नसेल, किंवा भारतीय कायदा त्याला लागूच होत नसेल, तरी जबाबदार तुम्ही. बाहेरून आलेल्या बिननावाच्या मालाचं नेमकं हेच होतं.

उत्पादकाने दिलेली सूचना किंवा धोक्याचा इशारा तुम्ही ग्राहकापर्यंत पोचवला नाहीत, तरीही तुम्ही.

आणि जे म्हणतात "सर, मी माझाच ब्रँड छापून घेतो", त्यांनी तर फारच जपून. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर आपलं नाव छापलं की हा कायदा तुम्हाला उत्पादकच मानतो. स्टिकरचा खर्च दोन रुपये, जबाबदारी पूर्ण कारखान्याची.

सप्लायरला हे पाठवा

फोनवर बोलू नका, लेखी पाठवा. मजकूर साधा ठेवा:

"नमस्कार. आपल्या अमुक मॉडेलची ऑर्डर देण्याआधी माहिती हवी आहे. या मॉडेलमध्ये आयोनायझर, प्लाझ्मा, यूव्ही किंवा ओझोन यांपैकी काय आहे? आयोनायझर असल्यास तो स्वतंत्र बटणाने बंद होतो का? याच मॉडेल नंबरचा ओझोन चाचणीचा रिपोर्ट, प्रयोगशाळेच्या नावासह पाठवावा. उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता असलेल्या लेबलचा फोटो पाठवावा."

उत्तरं कशी वाचायची ते सांगतो. "शंभर टक्के सेफ आहे, आमचे हजारो ग्राहक आहेत" हे उत्तर नव्हे. "सीई मार्क आहे" हेही तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही, तुम्ही ओझोनचा आकडा मागितलाय. रिपोर्ट आला तर सगळ्यात आधी मॉडेल नंबर जुळवा. अमेरिकेत विकलं जाणारं मॉडेल आणि इथलं मॉडेल यांचं नाव सारखं आणि नंबर वेगळा, असं असू शकतं. भारतातली प्रयोगशाळा असेल तर तिला एनएबीएलची मान्यता त्याच चाचणीसाठी आहे का, ते एनएबीएलच्या साइटवर बघा. कार्बच्या यादीत नंबर सापडला तर उत्तम, पण त्याचा अर्थ "ओझोन शून्य" नाही, "०.०५ च्या आत" एवढाच. यूएल २९९८ नावाचं प्रमाणपत्र त्याहून कडक आहे, त्यात मर्यादा ०.००५ पीपीएम, म्हणजे दहावा हिस्सा. ग्राहकाला यातलं जे खरं आहे तेवढंच सांगायचं.

नाकाची चाचणीही करा, पण तिच्यावर विसंबू नका. सॅम्पल मशीन छोट्या बंद खोलीत तासभर चालवा, तुम्ही बाहेर थांबा, मग दार उघडून लगेच वास घ्या. जुन्या झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा किंवा वीज कडाडल्यावर येतो तसा तिखट वास आला तर मशीन परत. वास आला नाही, याचा अर्थ पास असा मात्र नाही. ऑनलाइन मिळणारे स्वस्त ओझोन मीटर घेऊन ग्राहकापुढे आकडे दाखवायच्या भानगडीत पडू नका. त्यांचे सेन्सर दुसऱ्या वायूंनाही फसतात.

आणि धंद्याचं गणित?

"फिल्टर नाही" हा मुद्दा सप्लायर फायदा म्हणून सांगतो. ग्राहकाच्या दृष्टीने ठीक. पण तुम्ही धंदेवाले आहात. समजा, शंभर घरांत तुम्ही हेपाची मशीन दिली. वर्षाला प्रत्येकी एक फिल्टर, किंमत १,५०० रुपये, तुम्हाला २० टक्के सुटले. वर्षाला ३०,००० रुपये, नवीन ग्राहक एकही न शोधता. शिवाय वर्षातून एकदा त्या घरात पाऊल पडतं. तिथेच पुढच्या ओळखी मिळतात. बिनफिल्टरच्या मशीनमध्ये ग्राहकाची आणि तुमची गाठ एकदाच पडते, आणि दुसऱ्यांदा पडली तर ती तक्रारीसाठी.

हेपाच्या मशीनमध्येही हल्ली जोडीला आयोनायझर देतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त डिलिव्हरीच्या वेळी ग्राहकाला ते बटण हात लावून दाखवा आणि सांगा, "हे बंद ठेवलं तरी फिल्टरचं काम पूर्ण होतं." घरात दमेकरी असेल तर बंदच करून द्या.

राहिला प्रश्न ज्यांनी आधीच माल भरलाय त्यांचा. गोडाऊनमध्ये ओझोन जनरेटरचे वीस पीस पडले असतील तर पहिला प्रयत्न परत देण्याचा, तोटा सोसून का होईना. नाही घेतले तर घरगुती ग्राहकाला, ऑफिसला, क्लासला, दवाखान्याला ते विकू नका. रिकाम्या जागेचा वास घालवणाऱ्यांना त्याचा उपयोग असतो: लॉजच्या रिकाम्या खोल्या, जुन्या गाड्यांचे व्यापारी. त्यांनाही बिलासोबत छापील कागद द्या. मशीन चालू असताना आत माणूस, जनावर, झाडाची कुंडी काही नको. बंद केल्यावर दारं-खिडक्या उघडून वास पूर्ण जाईपर्यंत कोणी आत जायचं नाही. रबराच्या आणि नाजूक कापडाच्या वस्तू आधी बाहेर काढायच्या. त्या कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर ग्राहकाची सही घ्या आणि ती बिलाच्या फाइलला लावून ठेवा.